नागपुरात घराचं वीजबिल कमी करताना सबसिडी, सवलती आणि करसूट: काय मिळतं, कुठे मिळतं, कसं मिळवायचं

गेल्या दिवाळीत अमेरिकेतला मावसभाऊ फोनवर म्हणाला, "अरे, घरावर सोलर लावलं की टॅक्स क्रेडिट मिळते ना? घेऊन टाक." त्याच्याकडे खर्चाच्या ३० टक्के रक्कम भरायच्या आयकरातून सरळ वजा व्हायची. (३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला तीही बंद झाली, पण तो वेगळा विषय.) मी आपला आमच्या सीएंकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "भाऊ, आपल्या रिटर्नमध्ये याच्यासाठी रकानाच नाही."

खरंच नाही. सोलर, पाच स्टारचा एसी, नवे पंखे, गच्चीचा पांढरा रंग, यातल्या कशाचीही वजावट पगारदार माणसाला आयकरात मिळत नाही. आपल्याकडे पैसा दुसऱ्या वाटांनी येतो. सबसिडी बँक खात्यात जमा होते, जीएसटी कमी लागतो, वीजबिलात सवलती असतात आणि मालमत्ता करात थोडी सूट मिळते. प्रत्येक वाटेची खिडकी वेगळी आणि कागद वेगळे. शिवाय एक विचित्र गोष्ट आहे. वीज तयार करायला सरकार भरभरून देतं, वीज वाचवायला जवळपास काहीच देत नाही. म्हणून लोक थेट सोलरकडे धावतात. नागपूरच्या घराचा हिशोब मात्र उलट्या बाजूने सुरू करावा लागतो, असं माझं मत. कारण पुढे येईलच.

एक खुलासा आधीच. आपण छतालाही स्लॅब म्हणतो आणि बिलातल्या दरालाही. गोंधळ नको म्हणून इथे स्लॅब म्हणजे छत आणि बिलातला तो टप्पा.

सुरुवात १२ बिलांपासून

एका महिन्याच्या बिलावर काहीही ठरवू नका. मे महिन्याचं बिल घेऊन सोलरवाल्याकडे गेलात तर तो ५ किलोवॅट सांगेल, जानेवारीचं घेऊन गेलात तर दीड. महावितरणच्या अॅपवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकला की मागची बिलं दिसतात. वहीच्या एका पानावर बारा महिन्यांचे युनिट एकाखाली एक लिहा.

आमच्या घरचे आकडे असे होते: जानेवारीत १५० युनिट, मार्चमध्ये २४०, मे महिन्यात ४८०. दोन बेडरूम, वरचा मजला, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. नागपुरातल्या कुठल्याही वरच्या मजल्याचं चित्र थोड्याफार फरकाने हेच असेल.

आता टप्पे बघा. घरगुती दराचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास जातो, तिसरा त्याहून वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, तेही या रकमेवरच. म्हणजे मे महिन्यातलं ४८०वं युनिट आणि जानेवारीतलं ८०वं युनिट, वीज तीच पण किंमत वेगळी. वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतं. हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळे निर्णय सोपे होतात.

सबसिडी नसलेली कामं आधी

पहिलं काम गच्चीचं. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवसांत दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला चप्पल घालूनही पळत जावं लागायचं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत सोडत राहतो. एसी मग खोली थंड करत नाही, स्लॅब थंड करत बसतो.

आमच्याकडे जुना उपाय चुन्याचा. विरी गेलेला चुना, त्यात थोडा डिंक, मार्चमध्ये दोन हात. पहिल्या पावसात निम्मा वाहून जातो, पण खर्च इतका कमी की दरवर्षी केला तरी जड जात नाही. थोडा जास्त खर्च करायचा तर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो. त्याहून पक्कं काम म्हणजे पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे. घर बांधतानाच ते लावून घेतलेलं बरं. यातल्या कशालाही सबसिडी नाही. पण पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी आणि वर पांढरी गच्ची, एवढ्यावर आमचा एसी रात्री दोन तास उशिरा सुरू व्हायला लागला.

दुसरं काम पंख्यांचं. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३०. दिवसाला १४ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला जवळपास १९ युनिट वाचतात. चार पंख्यांचे ७५. १ किलोवॅटचं सोलर महिन्याला साधारण १२० युनिट देतं. म्हणजे चार पंखे बदलणं हे अर्ध्या किलोवॅटहून जास्त सोलर बसवण्यासारखंच आहे, तेही गच्चीवर एक भोक न पाडता. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानात फसायला जागा कमी. फक्त रिमोट हरवू नका. आमच्याकडचा एक सोफ्याच्या पोटात गेला, आणि पंखा आठवडाभर एकाच वेगाने फिरत होता.

तिसरा एसी. लेबलवर तारे मोजून थांबू नका. त्याखाली आयएसईईआर नावाचा आकडा असतो (एसीची हंगामभराची कार्यक्षमता, जितका जास्त तितका बरा) आणि वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. ते युनिट १६०० तास वापर धरून काढलेले असतात. समजा एका दीड टनी एसीच्या लेबलवर ७६० युनिट आहेत आणि दुसऱ्यावर १,०४०. मार्चअखेर ते जूनमध्य रोज आठ तास एसी चालला तर आपले तास साधारण ६५०च होतात. म्हणून वर्षाचा फरक २८० नाही, ११५ च्या आसपास पडतो. पण हे ११५ युनिट सगळ्यात महाग टप्प्यातले. हॉलमध्ये कूलर आणि रात्री फक्त एका खोलीत एसी असं घर असेल तर तीन स्टारनेही भागतं, दोन खोल्यांत दिवसरात्र चालणार असेल तर पाच स्टारच घ्या.

तारे ठरवण्याचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलवरचं वर्ष बघा. जुन्या वर्षाचा पाच स्टार नव्या मोजमापात खाली उतरतो. बाहेरचं युनिट किती अंशांपर्यंत काम करतं हेही आपल्याकडे विचारायलाच हवं. ४६ अंशांत बंद पडणारा एसी कितीही तारे असोत, नागपुरात शोभेचाच.

एसीवर सबसिडी नाही, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला. हीच तेवढी सवलत. सोलर वॉटर हीटरवरचाही त्याच दिवशी १२ वरून ५ झाला. हीटरवर केंद्राची सबसिडी पूर्वी होती, ती २०१४ मध्येच थांबली. तरी अजून "सबसिडी वजा करून भाव सांगतो" म्हणणारे विक्रेते भेटतात. ती सबसिडी कागदावर दाखवा म्हणा.

मग सोलर: किती किलोवॅट?

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. सबसिडी अशी: पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे १ ला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ ला ७८,०००. तिथे गाडी थांबते. ५ किलोवॅट लावा की १०, रक्कम ७८,०००च.

इथे एक बारीक मेख आहे. क्षमता मोजताना पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टरची क्षमता यातली जी कमी ती धरतात. ५९० वॅटचे पाच पॅनेल म्हणजे २.९५ किलोवॅट. विक्रेता तोंडाने "तीन" म्हणेल, पण सबसिडी ७७,१०० येईल. फरक ९०० रुपयांचा आहे, फार नाही, पण असा विक्रेता बाकी ठिकाणीही गोलच बोलतो हा माझा अनुभव.

१ किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि तो सरासरी दिवसाला ४ युनिट देतो. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. नागपूरचं ऊन बघून लोकांना वाटतं मे महिन्यात छप्पर फाडून वीज येईल. तसं होत नाही. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे पॅनेल २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६५ अंशांच्या घरात जातं, आणि प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटतं. ४० अंश वर म्हणजे १४ टक्के गेले. लखलखीत ऊन आणि थंड हवा एकत्र असलेले फेब्रुवारी-मार्चचे दिवस खरे दुभते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे मीटर रडतं.

आता नागपूरकरांनी दोनदा वाचावी अशी गोष्ट. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्त झालेली वीज ग्रिडला जाते आणि तेवढे युनिट तुमच्या खात्यावर जमा राहतात. महिन्यामागून महिना पुढे सरकतात. पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, आणि उरलेले युनिट महावितरण वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतं. हा दर तुम्ही मे महिन्यात ज्या दराने वीज घेता त्याच्या जवळपासही नसतो. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, जेव्हा आपले एसी बंद असतात, तेव्हा जमवलेली पुंजी ऐन उन्हाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हिशोबात निघून जाते. एप्रिलपासून पुन्हा शून्य. आपला सगळ्यात मोठा वापर एप्रिल ते जून, म्हणजे वर्षाच्या पहिल्या तिमाहीतच, आणि त्यासाठी शिल्लक काहीच नाही.

म्हणून मे महिन्याचा आकडा बघून मोठं सोलर लावलं तर हिवाळ्यात वीज स्वस्तात विकत बसाल. आमच्या आकड्यांवर हिशोब असा निघाला. ३ किलोवॅट मे महिन्यात साधारण ३५० युनिट देतं. ४८० मधून ते गेले, बिल १३० युनिटांचं. गेलेल्या ३५० पैकी १८० तिसऱ्या टप्प्यातले, १७० दुसऱ्यातले. सगळे महागाचे. जानेवारीत मात्र वापर १५०, उत्पादन त्याच्या दुपटीहून जास्त, आणि वाचलेल्या १५० पैकी १०० सगळ्यात स्वस्त टप्प्यातले. आम्ही आधी पंखे आणि गच्ची करून घेतली, मग मे महिन्याचा वापर ३९० वर आला आणि ३ किलोवॅट पुरे झालं. आधी सोलर घेतलं असतं तर ५ च्या मागे लागलो असतो आणि वरच्या २ किलोवॅटला एक रुपया सबसिडी नसती.

कागद: आधी नाव बघा

सगळ्यात जास्त अर्ज कशात अडकत असतील तर नावात. वीजबिलावरचं नाव, आधारवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव. जुन्या वस्त्यांत, महाल असो की नंदनवन, निम्म्या घरांचं मीटर अजून आजोबांच्या किंवा बाबांच्या नावावर असतं. आमचं बाबांच्या नावावर होतं, आणि बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बिल वेळेवर भरत होतो, म्हणून कधी लक्षच गेलं नाही.

अशा वेळी सोलरच्या अर्जाआधी मीटरचा नावबदल करून घ्या. मृत्यू प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स २ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), बाकी वारसांचं ना-हरकतपत्र, आधार, शेवटचं भरलेलं बिल. ना-हरकतपत्राला वेळ लागतो, कारण एक बहीण अकोल्याला आणि एक भाऊ पुण्याला असतो. ते आधी मागवा. आत्याने सही करताना "सोलरमध्ये माझाही हिस्सा हं" म्हटलं, तेवढ्यावर सुटलो.

इतर गोष्टी चटकन तपासा. जोडणी घरगुती दराची हवी, दुकानाच्या किंवा क्लिनिकच्या जोडणीला ही सबसिडी नाही. छत तुमच्या हक्काचं हवं. थकबाकी नको. आणि पूर्वी सोलरची सबसिडी घेतलेली नको.

कोटेशन वाचायचं कसं

तीन कोटेशन घ्या, पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्यांकडूनच. मला मिळाली ती पावणेदोन लाखांपासून दोन लाख दहा हजारांपर्यंत होती. स्वस्त ते वाईट असं नाही, पण फरक कुठून आला ते विचारायचं.

पॅनेल डीसीआर हवेत, म्हणजे आतले सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. हे नसेल तर सबसिडी नाही, विषय संपला. स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा इथेच मेख असते, म्हणून "डीसीआर" हा शब्द कोटेशनवर लिहून घ्या.

दुसरं, सांगाडा. एप्रिल-मे महिन्यातली वावटळ आठवा, पत्रे उडतात ते दिवस. जस्त चढवलेल्या लोखंडाचा सांगाडा, काँक्रीटच्या ठोकळ्यांत नीट बसवलेला. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर पाणी मुरू नये म्हणून काय करणार ते विचारा. पॅनेल दक्षिणेकडे, उतार साधारण २१ अंश, कारण नागपूर २१ अक्षांशावर आहे. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ ते चार कुठे पडते ते खडूने गच्चीवर आखून ठेवा. आम्ही तेच केलं, आणि विक्रेत्याने दाखवलेली जागा दोन फूट सरकवावी लागली.

तिसरं, अर्थिंग आणि वीजरोधक. विदर्भातल्या विजा पाहता यात काटकसर नको.

चौथं, जीएसटी. पॅनेल वगैरे सामानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. पूर्ण यंत्रणा बसवून घेण्याच्या करारात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८, म्हणून एकूण ८.९ टक्के पडतो. पूर्वी १३.८ पडायचा. करापूर्वीची किंमत १,८०,००० असेल तर आता १६,०२० रुपये कर, पूर्वी २४,८४० होता. कोटेशनवर अजून जुनाच आकडा दिसला तर बोट ठेवून दाखवा.

आणि पाच वर्षांची देखभाल. योजनेत ती विक्रेत्याची जबाबदारी आहे, वेगळे पैसे मागत असेल तर मागू द्या, देऊ नका.

अर्ज ते खात्यात पैसे

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य महाराष्ट्र, वीज कंपनी महावितरण, मग ग्राहक क्रमांक आणि मोबाइल. अर्ज स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतः भरा. विक्रेता "मी करून देतो" म्हणतो आणि त्याचा नंबर टाकतो, मग प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरा.

१० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. मंजूर भार कमी असेल तर तोही वाढवून मिळतो. ५ किलोवॅटपर्यंत रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किंवा वाहिनी मजबूत करावी लागली तर तो खर्च वीज कंपनीचा. कोणी हे पैसे मागितले तर लेखी मागा.

पैसे हाताशी नसतील तर ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज सरकारी बँकांत मिळतं, व्याज रेपो दराहून अर्धा टक्का जास्त. बाजारातल्या वैयक्तिक कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. माल गच्चीवर आला की एक हप्ता, नेट मीटर लागलं की उरलेला.

यंत्रणा बसली की विक्रेता पोर्टलवर तपशील भरतो. यात प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक असतो. इथे माझं घोडं पेंड खाऊन बसलं. पॅनेलच्या मागच्या चिकटपट्टीवरचा लांबलचक आकडा टाइप करताना विक्रेत्याच्या माणसाने एका ठिकाणी ८ च्या जागी ३ टाकला. सहा पॅनेल, प्रत्येकी भलामोठा क्रमांक, कोण पडताळणार? सात आठवडे सबसिडी नाही. शेवटी मी स्वतः सांगाड्याखाली आडवा झालो, मोबाइलच्या टॉर्चमध्ये एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मुलगी पोर्टलवरच्या आकड्याशी जुळवत गेली. पाचव्या पॅनेलला चूक सापडली. म्हणून पॅनेल वर चढायच्या आधीच, जमिनीवर असताना, प्रत्येक चिकटपट्टीचा फोटो काढून ठेवा.

मग तपासणी, नेट मीटर, आणि यंत्रणा सुरू झाल्याचं प्रमाणपत्र. त्यानंतर पोर्टलवर बँक खातं आणि रद्द केलेला चेक टाकायचा. सबसिडी तुमच्याच खात्यात येते, विक्रेत्याच्या नाही. सरकारी मुदत ३० दिवसांची आहे.

पहिलं बिल शून्य येईल या भ्रमात राहू नका. स्थिर आकार लागतोच. बिलावर आयात, निर्यात आणि पुढे नेलेले युनिट असे तीन आकडे दिसतील. दर महिन्याच्या १ तारखेला मीटरचा फोटो काढायची सवय लावा, वाद झाला तर तोच कामाला येतो.

कमी वापराच्या घरांना राज्याची जोड

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याची "स्मार्ट" योजना २०२५ मध्ये आली. १ किलोवॅटला खर्च सुमारे ५०,००० धरला आहे. केंद्राचे ३०,००० तर आहेतच. त्यावर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्याचे १७,५००, म्हणजे पदरचे फक्त २,५००. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना १५,०००, इतर दुर्बळ घटकांना १०,०००. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या काकू, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले भाऊ, यांना हे सांगा. त्यांच्यापर्यंत ही बातमी बहुधा पोचलेली नसते. छत स्वतःचं आणि पक्कं हवं, ही अडचण मात्र आहे.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग, प्रति किलोवॅट १८,००० मिळतात. सभेचा ठराव लागतो. ठराव एकमताने होईपर्यंत पॅनेल स्वस्त होतील.

मालमत्ता कर आणि आयकर

महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात बरेच रकाने असतात. सौर यंत्रणा किंवा पर्जन्यजल साठवण असलेल्या घराला सूट मिळते ती त्यातल्या सामान्य करावर, एकूण बिलावर नाही. म्हणून हाती येणारी रक्कम ऐकायला वाटते त्याहून लहान असते. ती आपोआप लागत नाही. आपल्या झोन कार्यालयात (दहा झोन आहेत, बिलावर तुमचा लिहिलेला असतो) अर्ज, यंत्रणा सुरू झाल्याचं प्रमाणपत्र आणि फोटो द्या, पोच घ्या, आणि चालू वर्षाचा दर तिथेच विचारा. बिल भरण्याआधी जा. भरल्यानंतर वळती करून घेणं म्हणजे चकरा.

आयकरात एकच बारीक दार आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० पर्यंत वजावट, १९६१ च्या कायद्यात कलम २४(ब). ही २ लाखांच्या एकूण मर्यादेतच मोजतात, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खिडक्या, प्लास्टर असं मोठं काम एकदमच काढणार असाल तर कर्ज "घरदुरुस्ती" म्हणूनच मंजूर करून घ्या आणि बँकेचं व्याज प्रमाणपत्र जपा. सोलरसाठीचं वेगळं कर्ज सहसा यंत्राचं कर्ज असतं, ते इथे बसेल असं गृहीत धरू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा सीएंशी बोलताना क्रमांकापेक्षा विषय सांगा. घर भाड्याने दिलं असेल तर दुरुस्तीची सरसकट ३० टक्के वजावट आधीच मिळते, सोलरचा खर्च वेगळा दाखवता येत नाही.

बिलातल्या चिल्लर सवलती

छापील बिल बंद करून ई-बिल घेतलं की बिलामागे १० रुपये. सात दिवसांच्या आत भरलं तर १ टक्का. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. स्मार्ट मीटर लागलेलं असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री दुपारी ढकला. सोलर असलेल्यांनी तर ढकलाच.

वापरात आल्यावर

पॅनेल धुवायचे ते सकाळी सहा-सातला, ऊन चढायच्या आत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की तडा जायची भीती. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला, दिवाळीनंतर महिन्यातून एकदा. साध्या पाण्याने, मऊ कपड्याने, साबण नको. आणि सेमिनरी हिल्स किंवा फुटाळ्याच्या बाजूला राहत असाल तर वानरांचा विचार करा. ती पॅनेलवर उड्या मारतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यावर टेकून बसतात. आमच्या शेजाऱ्यांनी गच्चीच्या कठड्यावर शेंगा वाळत घालणं बंद केलं, तेव्हा कुठे टोळीने रस्ता बदलला.